माईकवर या

"निळी टोपी, तिसरी पायरी. होय, तुम्हीच. मागे बघू नका, मागे भिंत आहे. काय म्हणालात ते नीट ऐकू आलं नाही. या, माईकवर या."

एवढं बोलून आमचा माईकवाला माईक हातभर पुढे धरायचा आणि थांबायचा. खेळ चालू असला तरी लोक बॉल सोडून पायऱ्यांकडे बघायला लागायचे. निळी टोपी हळूच मांडीखाली जायची. तरी हा सोडायचा नाही. "टोपी काढली तरी डोकं तेच आहे. या, या."

बंगळूर म्हटलं की तुम्हाला कॉम्प्युटर आठवतात, नाहीतर क्रिकेट. कंटोन्मेंटच्या बाजूच्या आमच्या गल्ल्यांत या. इथे मूल चालायला लागलं की त्याच्या पायापुढे काहीतरी गोल टाकतात. लाल मातीचं मैदान आहे. एका अंगाला सिमेंटच्या पायऱ्या, त्यांना लागूनच रस्त्याच्या कडेने आमच्या घरांची ओळ. माझं घर मधल्या रेषेसमोर, म्हणून फुटबॉलची स्पर्धा असली की माईकचं कनेक्शन माझ्या खिडकीतून जायचं. मी निपाणीकडची, चौथी शिकलेली. लग्न होऊन इथे आले. नवरा कारखान्याच्या टीममध्ये बॅक होता. तो गेला, पण त्याच्यामुळे खेळ कळायला लागला तो लागलाच.

माईकवाला सकाळीच वायरचं भेंडोळं खांद्यावर घेऊन दारात उभा राहायचा. "अक्का, करंट!"

"चपला बाहेर," मी म्हणायचे.

त्याचं घर कैक पिढ्या बंगळुरातलं. घरी मराठी, पण निम्मी कन्नड. माईकवर कन्नड बोलायचा, मधे तमिळ, मधे हिंदी. इथे मी सगळं मराठीतच लिहिते. आठवडाभर चिकपेटमध्ये रेशमी साड्यांच्या दुकानात कामाला. त्यामुळे गोल कसा झाला ते सांगतानाही त्याचा हात पदर उलगडल्यासारखा हवेत फिरायचा.

त्याच्या तोंडाला झाकण नव्हतं. डोळ्यांना दिसलं की माईकवर आलं. "कोपऱ्यावरच्या घरात दूध उतू जातंय, वास इथपर्यंत येतोय." "काळ्या स्कूटरचे मालक, तुमच्या स्कूटरवर बकरी बसली आहे. घाई नाही, ती आरामात आहे." लोक हसायचे. मीही हसायचे. पण असा माणूस एक दिवस नको ते बोलणार, हे मला दिसत होतं, आणि तसंच झालं.

आमच्या टीमचा गोलकीपर उंच, कमी बोलणारा. सर्जापूर रोडच्या एका मोठ्या सोसायटीत लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करायचा आणि पाण्याच्या टाकीमागे आईजवळ राहायचा. त्याला कोणीतरी कुठेतरी एका मित्राबरोबर बघितलं. काय बघितलं ते कोणी नीट सांगत नव्हतं, पण कुजबुज पायऱ्यांवर पोचली. आधी समोरच्या टीमची माणसं त्याला तो शब्द ओरडायला लागली. पुढे त्याने गोल खाल्ला की आमचीही. शब्द मी लिहीत नाही. शिव्यांना मी घाबरत नाही, पण हा का लिहायचा नाही, ते पुढे कळेल.

कमिटीच्या प्रेसिडेंटला मी हटकलं. तो म्हणाला, "अहो अक्का, फुटबॉल आहे. लोक बोलणारच. रेफ्रीच्या आईला काय कमी बोलतात?"

"रेफ्रीच्या आईला बोलतात, कारण त्याने चुकीची शिट्टी मारली. ह्याने काय चुकीचं मारलं?"

तो बघतो म्हणाला. बघितलं नाही.

मला विचाराल तर दोन पुरुष एका घरात राहणार म्हटल्यावर भांडी कोण घासतं एवढाच प्रश्न मला पडतो. त्याचं उत्तर माझ्या घरातही कधी समाधानकारक नव्हतं.

मग एका रविवारी गोलकीपरच्या हातातून बॉल निसटला. गोल झाला. पायऱ्यांवर टाळ्यांच्या तालावर तो शब्द सुरू झाला, सगळी ओळच्या ओळ. माईकवाल्याचा पारा चढला. मन चांगलं होतं त्याचं, ते मी नाकारत नाही. तो खुर्चीवर चढला आणि माईकमध्ये गरजला, "ए, गप्प बसा! आपला पोरगा आहे तो. त्याचा जीव बाईवर असो नाहीतर पुरुषावर, तुमच्या पोटात का दुखतं? असेल तो तसा! तसा असला तरी आपला आहे!" आणि तसा म्हणजे कसा, तो शब्दही वर म्हणून दाखवला.

कर्णे चार होते. दोन मैदानाकडे, दोन रस्त्याकडे. रस्त्यावर भाजीच्या गाडीपाशी गोलकीपरची आई उभी होती.

मी खिडकीत होते. तिने हातातली कोथिंबीर परत गाडीवर ठेवली आणि काही न घेता घराकडे गेली.

हाफटाइमला माईकवाला पाणी प्यायला आत आला. चेहरा फुललेला. "कसं झापलं, अक्का?"

"कोणाला झापलंस?"

"त्यांना! पायऱ्यांवरच्यांना!"

"त्यांना काय झालं? ते वडे खातायत बघ. झालं ते त्या पोराला. त्याची आई रस्त्यावर उभी होती."

त्याने पेला ठेवला आणि खिडकीतून भाजीच्या गाडीकडे बघितलं.

गोलकीपर दुसरा हाफ पूर्ण खेळला. शेवटची शिट्टी झाली, तसे हातमोजे काढत तो टेबलापाशी आला. आवाज चढवला नाही. "अण्णा, ते ओरडत होते ते मैदानातच राहिलं असतं. तुम्ही माझ्या घरापर्यंत पोचवलंत."

संध्याकाळी त्याचे कपडे आईने दाराबाहेर ठेवले. तो सर्जापूर रोडच्या बाजूला त्या मित्राकडे राहायला गेला. आई अजूनही त्याच्याशी बोलत नाही. मी दोनदा समजवायला गेले. दुसऱ्या वेळी तिने मला चहा विचारला नाही. मग मी जायची थांबले.

माईकवाला माझ्या उंबऱ्यावर येऊन बसला.

"मी त्याच्याच बाजूने बोललो ना, अक्का?"

"बोललास. त्याला विचारून बोललास का?"

"त्याने मला माफ करायला पाहिजे. नाहीतर मी माईक कुठल्या तोंडाने धरू?"

"तुला माईकची काळजी, आणि त्याचं घर गेलं. जा, भेट त्याला. पण रडारड करू नकोस, त्याला कामं असतील."

तो गेला. परत येऊन त्याने मला जसं सांगितलं तसं सांगते. गोलकीपर लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला होता, डोकं तेवढं बाहेर. हा दाराशी उकिडवा बसला.

"माफी मागायला आलो."

"मागितलीत. बरं. आता निघा."

"परत खेळायला ये."

"कशाला? तुम्ही पुन्हा माझी बाजू घेणार म्हणून?"

गोलकीपरने पाना पुसत म्हटलं, "अण्णा, माझ्याबद्दल काही बोलू नका. वाईट नको, चांगलंही नको. मी कसा आहे, कोणाचा आहे, काही नको. आणि तो शब्द तर तुमच्या तोंडून नकोच. बोलायचंच असलं तर ओरडतो त्याच्याबद्दल बोला. लाज त्याला वाटू दे. प्रत्येक वेळी मलाच का?"

आता लोक म्हणतात, माईकवाल्याने काय युक्ती काढली! युक्ती त्याची नव्हती. तोही कधी आपली म्हणाला नाही. म्हणायचा, मी लिफ्टच्या दारात बसून शिकलो.

पुढच्या स्पर्धेत त्याने टेबल उलटं लावलं. मॅचकडे पाठ, पायऱ्यांकडे तोंड. लोकांना वाटलं, याचं डोकं फिरलं. खेळ सांगणारा माणूस, आणि खेळच बघत नाही! गोल झाला की मान न वळवता माझ्या खिडकीकडे ओरडायचा, "अक्का, कोणी मारला?"

"सात नंबर. डोक्याने."

"सात नंबर, डोक्याने!" माईकवर जायचं. कधी मी भाजीला फोडणी देत असले तर गोल कोणाचाच नाही असा जाहीर व्हायचा.

आणि पायऱ्यांवर कोणी तोंड उघडलं की शर्टाचा रंग, पायरी, टोपी, हातातला वडा, सगळं सांगून आमंत्रण. "पिवळा शर्ट, काय म्हणालात? इथून सांगा, सगळ्यांना ऐकू जाईल." गोलकीपरचं नाव नाही, शब्दाचा उच्चार नाही. ओरडणाऱ्याच्या शेजारची माणसं हसत हसत थोडी सरकून बसायची. घोळक्यात कोणीही ओरडतो. शेजारी सरकला की घोळका राहत नाही.

गोलकीपर परत आला तो माईकवाल्यासाठी नाही. त्याच्या जागी टीमने अंडेवाल्याला उभं केलं होतं. अंडी त्याच्या हातून कधी फुटली नाहीत, बॉल मात्र एक धरवला नाही. शेवटी कॅप्टन सर्जापूर रोडला जाऊन गोलकीपरला घेऊन आला. तो आला, खेळला, टेबलासमोरून गेला. माईकवाल्याकडे बघितलं नाही. हा खुर्चीत जरासा उठल्यासारखा झाला आणि परत बसला. अशा बऱ्याच मॅच गेल्या.

सेमीफायनलला प्रेसिडेंटचा पुतण्या दोस्तांना घेऊन सगळ्यांत वरच्या पायरीवर बसला होता. त्याने मुद्दाम, टाळी वाजवून, तो शब्द ओरडला.

"वरची पायरी, लाल बनियन, गळ्यात साखळी. माईकवर या."

आणि तो आला! आजवर कोणी आलं नव्हतं. छाती काढून, दोस्तांना डोळे मारत खाली उतरला. रेफ्रीनेसुद्धा शिट्टी मारून खेळ थांबवला. हा पोरगा चार कर्ण्यांतून तो शब्द ओरडला असता तर माईकवाला दुसऱ्यांदा त्याच खड्ड्यात पडला असता, गोलकीपरला घेऊन.

माईकवाला उठून उभा राहिला. आवाज साडी दाखवतानाचा. "या सर. आधी नाव सांगा."

त्याने नाव सांगितलं.

"मोठ्याने. रस्त्यापर्यंत जाऊ दे. घर कुठलं? वडील काय करतात?"

त्याने तेही सांगितलं, जरा हळू. घरांच्या ओळीत दारं उघडली. त्याची आजी गॅलरीत आली, हाताला पीठ.

"छान. आता जे म्हणत होतात ते म्हणा. तिकडे बघून म्हणा."

गोलकीपर गोलच्या मधोमध उभा होता. कंबरेवर हात. बघत होता. पोराने माईक तोंडाशी नेला. कर्ण्यांतून नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "गोलकीपरने... किक स्वल्प लांब मारावी."

सगळ्या मैदानात हशा पिकला. मी खिडकीच्या गजाला धरून हसले. माईकवाला तेवढा हसला नाही. "सूचना चांगली आहे. आभारी आहे. जागेवर बसा."

हाफटाइमच्या आधीच प्रेसिडेंट माझ्या दारात. "अक्का, वायर काढा. आमच्या घराची अब्रू काढली त्याने."

"त्याने नाव विचारलं. सांगितलं तुमच्या पोराने."

"काढा म्हणतो ना!"

"करंट माझा, खिडकी माझी. आत यायचं तर चपला बाहेर."

तो चपलांसकट परत गेला. मॅच माईकवर पूर्ण झाली.

पुढच्या स्पर्धेला कमिटीने जनरेटर आणला. माईकवाला नवीन, गाणी लावणारा. आमच्या माणसाला बोलावणं नाही. नवीन माणूस पायऱ्यांवर आवाज चढला की इंग्रजीत विनंती करतो, आदरणीय प्रेक्षकहो, असं काहीसं. कोणी गप्प बसत नाही, कारण आपल्याला म्हणतोय असं कोणालाच वाटत नाही. ओरडणं थोडं परत आलं. पूर्वीइतकं नाही. आता कोणी ओरडलं की दोन-चार मुंडकी वळतात आणि कोण ते बघतात. तेवढाच फरक पडला. जास्त सांगितलं तर खोटं होईल.

माईकवाल्याला दम्याने गाठलं. दुकान सुटलं, तो होसकोट्याला मुलीकडे गेला, आणि यंदा वारला. त्याआधी एकदा भेटला, ते सांगते.

एका रविवारी गोलकीपर दारात उभा. "अज्जी, होसकोट्याचं घर तुम्हाला माहीत आहे ना? चला, दाखवा." बाहेर गाडी होती. चालवायला एक चष्मेवाला, बारीक चणीचा. त्याला मी पहिल्यांदाच बघत होते. "अज्जी, हा माझा..." म्हणून गोलकीपर अडला.

"कळलं. गाडीतला गारवा कमी कर म्हणावं त्याला. माझे गुडघे धरतात."

माईकवाला खाटेवर उशीला टेकून होता. छाती भात्यासारखी चाललेली. त्याने आधी गोलकीपरला बघितलं. मग त्याच्या मागून आत येणाऱ्याला. ज्याच्याबद्दल तो अख्ख्या मोहल्ल्याला चार कर्ण्यांतून बोलला होता, तो माणूस हा. त्याने तोंड उघडलं. मी डोळे वटारले. त्याने ते मिटलं.

मग त्याने पाय आखडून घेतले, उशी भिंतीकडे सरकवली, चादर हाताने सारखी केली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर दोनदा हात थोपटला. चष्मेवाल्याने गोलकीपरकडे बघितलं. गोलकीपर म्हणाला, "बस." तो बसला. थोड्या वेळाने गोलकीपरही दुसऱ्या बाजूला टेकला.

मुलीने कॉफी आणली. कोपऱ्यात दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, तिने दाखवल्या. तिघांतलं कोणी उठलं नाही. खाट एकाच माणसाची होती, हात हलवला की शेजारच्याच्या कॉफीला धक्का लागत होता.