बादलीभाऊंची बॅटरी

दुकानात पाय ठेवला की इतर गिऱ्हाइकं वस्तू मागतात, हे भाऊ बादली मागायचे. "बाई, बादलीभर पाणी द्या, मंग बॅटरी दाखवा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात. मी काढून दिलेली बॅटरी ते पेटवायचे, बादलीच्या तळाशी ठेवायचे आणि शेजारच्या टपरीवर चहा प्यायला निघून जायचे. परत आल्यावर ती पाण्याखाली जळत असली तरच पुढचं बोलणं. मूल गावच्या बाजारातलं आमचं इलेक्ट्रिकचं दुकान नवऱ्याच्या माघारी मीच चालवते, आणि तोंडानं मी फटकळ आहे हे सगळा बाजार जाणतो. पहिल्यांदा त्यांनी हा प्रकार केला तेव्हा मी म्हटलं, "भाऊ, बॅटरी घ्यायला आलात की मासे सोडायला?" ते हसले नाहीत. माझ्या तोंडून मात्र त्याच दिवशी 'बादलीभाऊ' हे नाव पडलं आणि आख्ख्या बाजारानं उचललं.

त्यांची पिकअप गाडी होती. जंगलाला लागून असलेल्या गावांमधून धान भरायचं आणि मूलच्या राइस मिलला आणून टाकायचं, हे त्यांचं काम. रस्ता जंगलातून, गाडी जुनी, म्हणजे बॅटरी लागणारच. पण त्यांचं बॅटरीचं वेड गाडीमुळे नव्हतं. त्यांच्या बायकोला वाघानं नेलं होतं, तेही घरामागच्या वाडीतून, हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी. लाइट गेली होती. तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगाजवळ बांधलेली शेळी घरात आणायची होती. भाऊंनी दारातून बॅटरी मारली, ढिगाच्या बुडाशी दोन डोळे चमकले, आणि बायकोला सांगण्यात आलं की कोल्हा आहे, जा. ती गेली. पुढचं त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

जंगलालगतच्या माणसांना अंधारातले डोळे वाचता येतात, ही तिकडची जुनी सवय आहे. डोळे उंचावर दिसले तर सांबर किंवा रोही म्हणजे नीलगाय, कमरेच्या खाली दिसले तर चितळ, जमिनीलगत असले तर कोल्हा नाहीतर रानमांजर. पोरांनाही हे शिकवावं लागत नाही. नागपूर-पुण्याचा माणूस असता तर डोळे बघूनच आत पळाला असता आणि दार लावून बसला असता. या माणसांना डोळे वाचता येतात म्हणून भाऊंची बायको बाहेर गेली. वाघ दबून बसलेला असला की त्याचेही डोळे जमिनीलगतच असतात. भाऊंच्या हातातली बॅटरी होती मिणमिणती, तिनं डोळे दाखवले, मागचं धूड दाखवलं नाही.

हे सांगून झाल्यावर माझा चेहरा उतरलेला त्यांना दिसला असावा. मी काय विचार करत होते ते त्यांनी बरोबर ओळखलं. "तुमच्या दुकानातली नव्हती, बाई," ते म्हणाले. "जत्रेतली होती. रंगावर भाळून घेतली होती." मला खरंच बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लगेच लाजही वाटली.

तेव्हापासून त्यांची एकच कसोटी. "डोळे तं कोनतीबी बॅटरी दाखवते. आंग दाखवते का थे सांगा." माझ्या दुकानामागे पाइप आणि वायरची बंडलं ठेवायची लांबट, अंधारी खोली आहे. तिच्या पार टोकाला ते माझी काळी छत्री उघडून ठेवायचे आणि दारातून बॅटरी मारायचे. छत्रीची कड न् कड दिसली तर बॅटरी पास. नुसता मधोमध पांढरा गोळा पडला आणि बाजूला काळोख राहिला तर नापास. लांब झोत टाकणाऱ्या भारी बॅटऱ्या त्यांनी यातच नाकारल्या. "हे त्या डोंगरावरचं दाखवते. मले डोंगरावर काय कराचं हाय? वाडीतलं दिसू द्या." पावसाळ्यात माझी छत्री नेमकी पाहिजे तेव्हा त्या खोलीत असायची आणि मी भिजत घरी जायची. मी चिडचिड करायची, ते ऐकून घ्यायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा छत्रीच उचलायचे.

बटणावरून तर आमची कायमची भांडणं. आजकालच्या बॅटऱ्यांना एकदा दाबलं की मंद, पुन्हा दाबलं की तेज, आणखी दाबलं की लुकलुक. हे लुकलुकणं त्यांच्या डोक्यात जायचं. "बटन दाबलं का उजेड पाह्यजे. मंद काऊन? लग्नाची रोषनाई हाय का?" चार्जिंगच्या बॅटरीला ते हात लावायचे नाहीत. लाइटच नसते तिथं चार्जिंग कुठून आणायचं, आणि सेल तर पानठेल्यावरही मिळतात. गाडीत ठेवायची असली तर उन्हाळ्यात सेल काढून वेगळे ठेवायचे, नाहीतर आमच्या चंद्रपूरच्या उन्हात ते पाझरतात आणि बॅटरी आतून खाऊन टाकतात, हे ते प्रत्येकाला बजावायचे. पत्र्याची बॅटरी घेतली की तिच्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवायचे, म्हणजे ओल्या हातातून सटकत नाही आणि उन्हात चटका बसत नाही.

चुकायचेही. एकदा त्यांनी चांगली बॅटरी बादलीत टाकली आणि ती विझली ती कायमची. खोक्यावर कुठंही पाण्यात चालेल असं लिहिलेलं नव्हतं. मी जाम भडकले. "बुडवायची नव्हती ती, भाऊ. नुकसान कोण सोसणार?" ते शांतपणे म्हणाले, "पान्यात नाई चालत तं जंगलातल्या मानसाले विकता काऊन?" मी त्यांना अक्षरशः दुकानाबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी तलावातल्या शिंगाड्यांची पिशवी काउंटरवर ठेवून निघून गेले. शिंगाडे उकडून खाल्ले आणि माझा राग गेला. ती बॅटरी मात्र मी पुन्हा मागवली नाही.

मोहफुलं वेचायला पहाटे जाणाऱ्या बाया, गुराखी, दुधवाले, सगळ्यांना ते माझ्याकडे पाठवायचे. "बादलीभाऊनं सांगतली थे द्या," म्हणत लोक यायचे. फार भारीची घेऊ नका, असं त्यांनीच बजावलेलं असायचं. "महागाची घेतली तं पेटीत ठेवते लोक. लेकराच्या हातात देत नाई. हातात नाई तं काय कामाची?" माझा तोटा करूनच ते माझं गिऱ्हाईक वाढवत होते म्हणा ना.

पण ज्या एका माणसासाठी ही सगळी पारख चालली होती, त्या माणसाच्या हातात बॅटरी काही जात नव्हती. ती त्यांची मुलगी, सुजाता. आई गेली तेव्हा ती घरीच होती. पुढं ती नर्स झाली, मूलला खोली घेऊन राहायला लागली आणि स्कूटीवरून जंगलातल्या गावांमध्ये लसी द्यायला, बाळंतिणी बघायला जाऊ लागली. परत येईस्तोवर दिवस मावळायचा. वडिलांशी ती बोलत नव्हती. गावात म्हणायचे, आईला बाहेर पाठवल्याचं तिनं मनात धरलंय. भाऊही म्हणायचे, "तिचा हक्क हाय. मीच म्हनलो ना कोल्हा हाय." हे ते कुणालाही सांगायचे, टपरीवर, मिलवर, माझ्या दुकानात. माणूस स्वतःची चूक इतक्या वेळा का उगाळतो, असं मला वाटायचं. आणि त्या मुलीचा मला राग यायचा, खोटं कशाला बोलू.

शेवटी एक बॅटरी त्यांना मनासारखी सापडली. बोटभर लांब, पत्र्याची, एकच बटण, साधे सेल, उजेड असा पसरट की छत्रीच काय, मागची भिंतही दिसली. त्यांनी ती माझ्याकडे ठेवली. "सुजाता येते तुमच्याकडं. मी देल्ली म्हनून सांगू नका. कंपनीची स्कीम हाय म्हना." सुजाता बल्ब घ्यायला आली तेव्हा मी तसंच सांगितलं. तिनं खोका हातात घेतला, अंगठा फिरवला आणि म्हणाली, "काकू, खोका ओला काऊन हाय?" भाऊंनी ती बादलीतून काढून तशीच खोक्यात घातली होती, माझ्याही लक्षात आलं नव्हतं. तिनं खोका काउंटरवर ठेवला, अगदी हलक्या हातानं, आणि बल्ब न घेताच गेली. भाऊंना मी सांगितलं की तिच्याजवळ आहे एक, चांगली आहे. ते म्हणाले, "आंग दाखवते का?" मी हो म्हटलं.

गाडीखाली शिरलं की दोन्ही हात नट-पान्यात गुंततात, म्हणून बॅटरी दातात धरता आली पाहिजे, हीही त्यांची एक अट होती. दुकानातच ते ती दातात धरून मान इकडे-तिकडे करायचे. मग ती पुसून मी परत खोक्यात ठेवायची. मला किळस यायची आणि तेही मी बोलून दाखवायची. पुढं पुढं ते म्हणू लागले, "जाड हाय, बारीक दाखवा." बारीक दाखवली तरी, "आनखी बारीक." मी वैतागून म्हटलं, "भाऊ, हीच तर गेल्या खेपेला नेली होती. बॅटरी कशी जाडी होईल?" त्यांनी ती पुन्हा तोंडाजवळ नेली, खटपट केली आणि खाली ठेवली. तेव्हा मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्या दिवशी चहात बुडवलेलं बिस्किट ते मोडून, बोटानं आत सरकवत होते. तंबाखू-सुपारीचा खर्रा त्यांच्या तोंडात मी ओळखते तेव्हापासून होता, सकाळपासून रात्रीपर्यंत. बॅटरी तेवढीच होती, तोंड मिटत चाललं होतं.

मी दुकान बंद केलं आणि सुजाताच्या खोलीवर गेले. तिला काय वाटेल याची पर्वा केली नाही. म्हटलं, "तू नर्स आहेस. बाप म्हणून नको, पेशंट म्हणून तरी बघ." ती चप्पल घालून तशीच निघाली. तिनंच त्यांना नागपूरला नेलं, तिनंच कागद केले, रजा टाकून तीच जवळ राहिली. तोंडाचा कॅन्सर होता, उशीर फार झाला होता. मी भेटायला गेले तेव्हा भाऊंना बोलता येत नव्हतं. मला बघून त्यांनी बोटानं बटण दाबल्यासारखं केलं. मी म्हटलं, "चालू आहे दुकान, भाऊ. तुमच्यासारखं डोकं खाणारं कुणी नाही, एवढंच." त्यांचे डोळे हसले. बाहेर येऊन मी जिन्यात बसून रडले.

ते गेले. क्रियाकर्म गावातच झालं. त्यांच्या गाडीतून धान आणणारे, मिलवरचे हमाल, मोह वेचणाऱ्या बाया, सगळे आले होते. कुणीतरी पुन्हा तीच गोष्ट काढली, "बिचाऱ्यानं सोताच बायकोले बाहीर धाडलं." सुजाता उठून आत गेली.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, दुपारी, बाजार थंड असताना, ती दुकानात आली. काही घ्यायचं नव्हतं. स्टुलावर बसून राहिली. मी पाणी दिलं. एक घोट घेऊन म्हणाली, "काकू, त्या दिवशी बाबानं बॅटरी मारली तवा मी दारातच होती, त्यायच्या बाजूले. कोल्हा हाय असं बाबा नाई म्हनले."

मी हातातली वायर खाली ठेवली.

"मी म्हनली. बाबा तं अजून पाहूनच राह्यले होते. मी म्हनली, कोल्हा हाय, जाय ना आई, शेळी वरडून राह्यली. अन् आई गेली." तिनं ग्लास दोन्ही हातांत धरला होता. "लोकं जमले, पोलिस आले, जंगलवाले आले. सगळ्यायनं विचारलं. मी तोंड उघडाच्या आधीच बाबा बोलले, मी म्हनलो, मीच धाडलं. मंग जिंदगीभर थेच सांगत राह्यले. मले त्यायच्यासमोर उभंच राहता ये नाई, काकू. लोकायले वाटे मी रागावली."

तिला किती नावं ठेवली होती मी मनातल्या मनात. एवढंच विचारलं, "दवाखान्यात बोललीस का त्यांच्याशी?"

"बोलली. एक दिवस म्हनलं, आता नाई तं कवाच नाई. पाय दाबून देत होती. म्हनली, बाबा, थे तुमी नोयते म्हनले, मी..." तिनं ग्लास खाली ठेवला. "पुढचं म्हनू देल्लं नाई. हात उचलाचीबी ताकद नोयती त्यायच्यात. तरी उचलला, अन् माह्या तोंडावर ठेवला. मी चूप होयेपर्यंत काढलाच नाई."

मी काउंटरच्या बाहेर आले आणि तिच्याजवळ बसले. तेवढ्यात कुणी गिऱ्हाईक येऊन दारात उभं राहिलं. त्याला म्हटलं, थोड्या वेळानं या.