दादा जेवायला बसतात

लिफ्ट मी बंद पाडली. पुस्तकांची मांडणी जिन्याने न्यायची सोडून आत कोंबली, तिचा पाय जाळीच्या दारात घुसला, दार तसूभर सरकलं आणि लिफ्टने चौथ्या मजल्याच्या पाचेक फूट खाली बसकण मारली. माझी हनुवटी थेट त्या मजल्याच्या फरशीला. समोर दादांचं उघडं दार, आत त्यांचं स्वयंपाकघर.

दादा लिफ्टदुरुस्तीवाले. एरवी याला मी नशीब म्हटलं असतं.

पण दादांना पुरतं जेवताना कुणी पाहिलेलं नाही. कुठेतरी लिफ्ट अडकायची, फोन वाजायचा, आणि घास तोंडात ठेवूनच ते चपला शोधायचे. वहिनी होत्या तोवर ताट झाकून ठेवायच्या. त्या गेल्यावर झाकणारंही कुणी उरलं नाही. मुलगी चिडून वेगळी राहायला गेली. आज ती आली होती. संध्याकाळी तिचं विमान, नोकरी सातासमुद्रापार. “एक जेवण माझ्याबरोबर रांधा आणि बसून जेवा. मध्ये उठलात तर मी तशीच निघेन,” ही तिची अट. सकाळीच जिन्यात दादांनी मला सांगितली होती, परीक्षेला निघालेल्या पोराच्या चेहऱ्याने.

“दादा,” मी फरशीच्या पातळीवरून हाक मारली.

त्यांचा हात खिशातल्या पान्यावर गेला. बटाटे सोलणाऱ्या मुलीने वर पाहिलं नाही, फक्त सुरी थांबली.

“हवा येतेय?” दादांनी तिथूनच विचारलं.

“येतेय. दिवाही आहे.”

“मग उभा राहा.”

सुरी पुन्हा चालू झाली. दादांचा मात्र जीव थाऱ्यावर नव्हता. ते झाकण काढत, घालत, खिडकीत जात, परत येत. कांदा तर असा हलवत होते की त्याला घेरी यावी.

“बाबा, आच कमी करा. रस्सा करतोय आपण, आग विझवत नाही आहोत.”

“वेळ लागेल मग.”

“लागू दे की.”

खालून तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, “कोण अडकलंय रे?”

“मी.”

“असं होय,” म्हणून ते दार लावून घेते झाले.

रस्सा शिजला. मुलीने ताटं उंबऱ्याशीच मांडली. “काका उपाशी कशाला?” म्हणत तिने वाटी तिरकी करून जाळीतून मला दिली, वर चमचा. इतक्यात फडताळावर फोन वाजला. दादांचा एक गुडघा उचलला गेला. मुलीने घास ताटात ठेवला. फोन वाजत राहिला, गुडघा तसाच अधांतरी. मग दादांनी भाताचं पातेलं ओढलं आणि ताटात एवढा भात वाढून घेतला की तो संपेपर्यंत माणसाला उठताच येऊ नये. फोन थांबला. मुलीने घास उचलला.

आता सगळं सुरळीत झालं, असं मला वाटलं. पायही भरून आले होते.

“दादा,” मी म्हटलं, “मांडणीचा पाय तेवढा बाहेरून ढकला, मी आपला निघतो. तुमचं जेवण चालू द्या.”

दादांनी सावकाश घास गिळला.

“तू कुठे जाणार नाहीयेस, ही जाणार आहे, भात वाढू?”