मुरलेले पाय

मला शिकवलं ते माझ्या थोरल्या मामाने. वडील लवकर गेले आणि आई मला घेऊन भावाच्या घरी आली. मामाला अक्षरओळख नव्हती. धरमतरच्या खाडीकाठी मिठागरात तो कामाला जायचा. मला मात्र त्याने तालुक्याच्या हायस्कुलात घातलं, आणि मॅट्रिक झाल्यावर मुंबईला कॉलेजात पाठवलं. आमच्या कुळात पदवी मिळवणारा मी पहिला. ती पदवी मामाची आहे असं मी आजही मानतो.

मिठागरातलं काम पायांचं असतं. पावसाळा संपला की वाफ्यांतला गाळ काढायचा आणि ओला तळ अनवाणी पायांनी तुडवत राहायचा. तो दगडासारखा घट्ट झाला की मगच खाडीचं पाणी आत घ्यायचं. एखादी जागा मऊ राहिली तर मीठ ओढताना खालचा चिखल वर येतो आणि मीठ काळपट निघतं. मऊ जागा डोळ्यांना दिसत नाही, ती टाचेला कळते. मामाची टाच आमच्या आगरात नावाजलेली होती.

खारं पाणी पायांना फार छळतं. टाचा फुटतात, भेगांत पाणी शिरलं की आग होते. माणसं घरी आल्यावर उंडीचं तेल चोळतात. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो, त्या हंगामात मामाला पाणी झोंबेनासं झालं. भेगा तशाच होत्या, पण तो पाण्यात निवांत उभा राही. आगरात ही मानाची गोष्ट समजत.

"मामाचा पाय मुरला," मुकादम सगळ्यांदेखत म्हणाला. "आता ह्याला बरनीत भरा."

"मुरायला जल्म जावा लागतो," मामा म्हणाला. "तुम्ही अजून कैऱ्या हाव, कैऱ्या!"

आम्हां सगळ्यांना त्याचं कौतुकच वाटलं. त्यात काही दुखणं असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

मग एकेक गोष्ट घडू लागली. बाजारातून येताना मामाच्या पायातली चप्पल वाटेत निसटायची आणि त्याला पत्ता नसायचा. मामी मागून ओरडायची, "अवो नवरदेव, एक पाय कुनाच्या मांडवात इसरला?" मामा खाली बघायचा, हसायचा आणि चप्पल आणायला परत फिरायचा. पुढे तो चालताना सारखा पायांकडे बघू लागला. संध्याकाळी तळव्यांची आग व्हायची, तेव्हा तो शेणाने सारवलेल्या गार ओट्यावर पाय टेकवून बसे. पाण्यात उभं राहून काही न होणारे पाय कोरड्या जागी जळतात कसे, हे कुणालाच उमगेना. मामीने ते अंगातल्या उष्णतेवर ढकललं आणि सब्जाचं पाणी सुरू केलं. त्या पाण्यात साखर असायची. मामाला तहान फार लागायची, तो तांब्या तांब्या प्यायचा.

त्याच वर्षी त्याच्या वाफ्यांतून काळपट मीठ निघालं. मुकादम मूठभर मीठ हातात घेऊन बघत राहिला. मामा घरी येऊन जेवला नाही.

पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आलो. उष्णतेवर आमच्याकडे काशाच्या वाटीने तळपाय घासतात. मी तूप लावून मामाचे पाय घासायला बसलो. तो मला परीक्षेचं विचारत होता. डाव्या टाचेवर वाटी फिरली आणि खट्ट आवाज झाला. मी पाय दिव्याजवळ घेतला. टाचेत कालवाची शिंप रुतली होती, भोवती पू झाला होता. मी ती चिमटीने ओढून काढली, तरी मामा बोलतच होता. "पेपर सोपा व्हता न्हवं?"

मामीने ते बघितलं आणि ती मागे सरकली. तिच्या माहेरच्या गावात एका माणसाचे पाय असेच बधिर झाले होते. त्याला महारोगी म्हणून गावाबाहेर झोपडीत ठेवलं होतं, भाकरी लांबून टाकायचे. तिच्या मनात काय आलं ते मामाला न बोलता कळलं. तो मला म्हणाला, "भायेर कुनाला सांगू नको."

दुसऱ्या दिवशी मी त्याला अलिबागला एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी अंगावर कुठे चट्टे आहेत का ते पाहिलं, डोळे मिटायला लावून कापूस आणि सुई पायांना लावली. मामा "लागतंय, लागतंय" म्हणत होता, पण सुई लागत होती तेव्हा नव्हे. नंतर त्यांनी लघवी काचेच्या नळीत घालून औषधाबरोबर तापवली. ती विटेच्या रंगाची झाली.

"महारोग नाही," डॉक्टर म्हणाले. "मधुमेह आहे. जुना आहे, त्याने पायाच्या नसा मेल्या आहेत."

मामाने एवढंच ऐकलं, की महारोग नाही. बाहेर पडल्या पडल्या तो हलवायाच्या दुकानासमोर थांबला. "चल, पेढे घेऊ. मामीचं तोंड गोड करू!" मी त्याला हाताला धरून पुढे ओढलं. "आरं, आनंदाचं पेढं बी न्हाय खायाचं?" तो भर रस्त्यात विचारत होता.

त्या दिवसापासून घरातलं सगळंच बदललं. भात निम्म्यावर आला. "भात न्हाय तर जेवला कसं म्हनायचं?" मामी रोज म्हणे, आणि रोज निम्माच वाढे. अंघोळीचं पाणी ती आधी स्वतःच्या हाताने बघे, कारण मामाने एकदा कढत पाण्यात पाय घालून फोड आणले होते. चुलीजवळ बसणं बंद झालं. संध्याकाळी ती त्याचे तळवे कंदिलाशी धरून तांदूळ निवडावा तसे बघत असे. जखम भरायला चार महिने लागले. डॉक्टरांनी बजावलं होतं, की पुन्हा अशी जखम झाली तर पाय कापावा लागेल, आणि अनवाणी चालायचं नाही.

मामाने सगळं ऐकलं, एवढं सोडून. मिठागरात कुणी पायात घालून उतरत नाही. मीठ ही लक्ष्मी. शिवाय जोड्याने तळ तुडवला जात नाही. मी कॅनव्हासचे बूट आणून दिले, ते त्याने देवघराखाली ठेवून दिले.

पुढे मी पदवी घेऊन मुंबईत नोकरीला लागलो. मुकादमाने मामाला उघाडीवर बसायला सांगितलं होतं. उघाडी म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायची बांधावरची फळी, ती भरतीला उचलायची आणि ओहोटीला पाडायची. मामाला ते म्हाताऱ्याचं काम वाटायचं. दसऱ्याच्या सुमाराला गावाहून आलेल्या एका शेजाऱ्याने सांगितलं, की मामा तळ तुडवायला उतरणार म्हणतो, अनवाणी. मी त्याच दिवशी पत्र लिहिलं. आमचं पत्र पोस्टमन ओट्यावर बसून मोठ्याने वाची, म्हणून पत्रात मी मामाला अहो-जाहो करायचो.

*तीर्थस्वरूप मामांस नमस्कार. मी खुशाल आहे. खानावळीत मासळी बरी मिळते. मामीला सांगा, डॉक्टरांच्या गोळ्या संपायच्या आत कळवायचं, इथून पाठवतो.*

*पोस्टमनदादा, पुढचं जरा सावकाश वाचा. मामी जवळ असेल तर मोठ्याने वाचा.*

*मामा, तुम्ही वाफ्यात उतरणार असं कळलं. उतरू नका. तुमचा पाय मुरलेला नाही, तो आता तुम्हाला काही सांगत नाही. तळ मऊ आहे हे सांगत नाही आणि शिंप रुतली हेही सांगत नाही. मागल्या वेळी मी बसलो होतो म्हणून सापडली. दर वेळी कोण बसणार?*

*तळ तुडवला नाही तर तुमचे वाफे दुसऱ्या कुणाला जातील, हे मला कळतं. मी साहेबांकडे रजा मागितली आहे. रविवारी येतो. तुम्ही मला कधी वाफ्यात पाय घालू दिला नाहीत, या वेळी घालू द्या. तुम्ही बूट घालून बांधावर बसा आणि मला तुडवायला शिकवा. मऊ जागा मी सांगेन, ती किती तुडवायची ते तुम्ही सांगा. माझी रजा संपल्यावर मुकादम म्हणतो तसे उघाडीवर बसा.*

*मी येईपर्यंत पाय पाण्यात घालू नका. एवढं माझं ऐका.*

*तुमचा भाचा*