गळायची थांबलेली गाडी

गल्लीत त्यांना कोणी चष्मेवाले म्हणत नसे, लॉर्डसाहेब म्हणत. दुकान चष्म्यांचं, तेही एका गाळ्याचं. पण मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनी विलायती गाडी उभी होती, तिच्यामुळे हा किताब. लांबलचक नाक, अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड, कातडी सीटांना जुन्या कपाटाचा वास. दार लावलं की धाडकन नाही, नुसता 'हं' असा आवाज यायचा, एखाद्या खानदानी बाईनं होकार द्यावा तसा.

बाकी सगळा नखरा. डावीकडे वळायचा दिवा लावला की वायपर एकदा वर जाऊन यायचा. हीटर फक्त उन्हाळ्यात चालायचा. आणि तेल गळायचं. खाली ठेवलेला ट्रे रोज सकाळी, दाढीच्याही आधी, लॉर्डसाहेब बाहेर ओढून बघायचे. "सवतीची तब्येत कशी आहे?" बायको आतून विचारायची. गाडी रुसली, सुरू होईना, की उपाय एकच: मागच्या सीटच्या पाठीला बुटाच्या टाचेनं दोन ठोके. मिस्त्री याला अंधश्रद्धा म्हणायचा.

मिस्त्री म्हणजे शाळेतला दोस्त, एका बाकावर बसून दोघांनी मार खाल्लेला. गाडीला त्याच्याखेरीज कोणाचा हात लागत नसे. त्याच्या गॅरेजच्या कोपऱ्यात याच जातीच्या गाडीचा सांगाडा, भंगारातून आणलेला, ताडपत्रीखाली पडून होता. "तुझीला कधी काही लागलं तर असावा," तो म्हणायचा. लॉर्डसाहेबांना त्याचं केवढं कौतुक.

गेल्या वर्षी मिस्त्रीनं गाडी वरचेवर नेली. एकदा म्हणाला, डॅशबोर्डवरच्या घड्याळाची काच फुटली. ती काच लॉर्डसाहेबांनीच दुकानातल्या मशीनवर घासून बसवली होती. एका जागी कड जरा जास्तच घासली गेली होती, तेवढंच काय ते न्यून. त्यांनी हळहळत दुसरी करून दिली. मग एके दिवशी ट्रे कोरडा निघाला.

"गळत नाही रे," ते फोनवर काळजीनं म्हणाले.

"अरे, बरी झाली ती. आता तू आजारी पड."

"आवाजपण वेगळा येतोय."

"घसा साफ केलाय तिचा."

बायको खूश. गाडी पहिल्या झटक्यात सुरू व्हायची, वायपर गपगुमान. लॉर्डसाहेब मात्र ट्रे ठेवतच राहिले.

मेहुण्याच्या मुलीचं लग्न होतं. वाटेत एकदाही न थांबता दोघं हॉलवर पोचली. दारात नवरा-नवरीसाठी भाड्यानं आणलेली गाडी उभी, फुलांनी मढवलेली. हिच्याच जातीची, फक्त पांढरी. तिच्या पोटाखाली तेलाचा डाग पसरत होता. लॉर्डसाहेब वाकले, मग खिडकीतून डोकावले. घड्याळावरची काच शाबूत होती. कडेला, एका जागी, जरा जास्तच घासलेली.

ड्रायव्हरच्या सीटवर कोट घालून मिस्त्री बसला होता.

"फुटली म्हणाला होतास."

मिस्त्रीनं आधी आरशात पाहिलं. "तुला सांगणारच होतो."

"ताडपत्रीखालचा सांगाडा ना हा? काय काय आहे यात माझं?"

"तुझी चालतेय ना? बदली नवं सामान घातलंय तिच्यात, कधी नव्हे ती धड चालतेय. शेडमध्ये बसून हिचं काय होणार होतं? आता लोक हिच्यासोबत फोटो काढतात."

"मला विचारायचंस."

"तू नाही म्हणाला असतास."

शाळेतही तो पेन्सिल अशीच न्यायचा. आणि लॉर्डसाहेब दुसरी आणायचे.

जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिचा घास हातातच राहिला. जेवणानंतर बाहेर नवरा-नवरी गाडीत बसली आणि गाडी रुसली. मिस्त्री किल्ली फिरवून, बॉनेटमध्ये डोकं घालून घामाघूम. मंडळी कुजबुजू लागली. लॉर्डसाहेब हाताची घडी घालून उभे.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "आत्ता पोरीकडे बघा. मिस्त्रीभावजींकडे नंतर बघू."

त्यांनी पायातला बूट काढला. नवऱ्या मुलाला सरकायला सांगून सीटच्या पाठीला टाचेनं दोन ठोके दिले. मिस्त्रीनं किल्ली फिरवली. तोच जुना, खोल आवाज, घसा साफ न केलेला. दार लॉर्डसाहेबांनीच लावलं. 'हं.' डावीकडे वळताना वायपर एकदा वर जाऊन आला. निरोपाचा हात म्हणावा, तर लॉर्डसाहेब त्या बाजूला नव्हतेच.

एक बूट पायात, एक हातात, असे ते बायकोसोबत येऊन आपल्या गाडीत बसले. किल्ली फिरवताच ती सुरू झाली.

"एकदा तरी नाही म्हण की गं," ते गाडीला म्हणाले.

बायको खिडकीबाहेर बघत राहिली.