व्हिडिओतली अक्का

माझ्या थोरल्या जावेला मी लग्न होऊन आल्यापासून अक्का म्हणते. ही अक्का मोबाईलसमोर बसली की मुकी होते. एरवी तिच्या तोंडाला लगाम नाही. बाजरी भरडताना, लसूण सोलताना ती एकटी आम्हा सगळ्यांना पुरून उरते. पण तिच्या मुलीने फोन उभा धरून "आई, बोल" म्हटलं की हिचे डोळे भिंतीवरच्या पालीकडे आणि हात पदरात.

आमचं गाव पाथर्डीच्या बाजूचं, पाऊस बेताचा. बाजरी तेवढी हमखास येते. म्हणून आम्ही बचत गटातल्या बायका बाजरीच्या खारोड्या करतो. भरड शिजवायची, त्यात तीळ, मिरची, लसूण घालायचा आणि गच्चीवर प्लास्टिकच्या कागदावर हाताने लहान लहान खारोड्या घालून वाळवायच्या. चव सगळी अक्काच्या हाताची. पण हल्ली चवीला विचारतो कोण? पलीकडच्या तालुक्यातली एक बाई रोज रील टाकते, खारोडी दाताखाली कुरकुर वाजवून डोळे मिटते, आणि तिचा माल पुण्यापर्यंत जातो. मी मागवून खाल्ला. नुसतं मीठ. आमचा माल मात्र डब्यात पडून होता आणि गटातल्या दोघीतिघी आता हे बंदच करू म्हणायला लागल्या होत्या. अक्काला दुसरं काही नव्हतं. खारोड्या घालायला बसली की ती माणसात असायची, म्हणून मला ते बंद व्हायला नको होतं.

अक्काची मुलगी नगरला कॉलेजात शिकते. शहराचं नाव बदललं, पण आमच्या तोंडातून अजून नगरच निघतं. ती म्हणाली, "आई, तू बोलूच नको. तुझा फोटो दे, आवाज दे, बाकीचं एआय करतं." फोटो आधार कार्डाच्या वेळचा सापडला. आवाज माझ्या फोनवरून घेतला, कारण अक्काकडे बटणांचा फोन. "पोरी, जेवलीस का, डबा बरा हाय का," असं अक्काने तिला कधीतरी बोलून पाठवलं होतं, तेवढं पुरलं.

चार दिवसांनी सकाळी तिने व्हिडिओ टाकला आणि माझ्या फोनवरही पाठवला. आधी मला हसूच आलं. आमच्याकडे गॅस येऊन किती वर्षं झाली, आणि इथे अक्का नऊवारी नेसून चुलीपुढे बसलेली. त्या चुलीतून धूरसुद्धा निघत नव्हता. "या, आमच्या मातीतली खारोडी खाऊन बघा," असं ती खुशाल कॅमेऱ्यात बघून म्हणत होती. आवाज तिचाच. हसणंही जवळजवळ तिचंच. मग मी कपाळ पाहिलं आणि हसू गेलं. कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. गळ्यात काळे मणी, हातभर हिरव्या बांगड्या.

थोरले दीर गेले तेव्हा ही मुलगी परकरात होती. चुलत सासूबाईंनी अक्काला उंबऱ्यात बसवून ओल्या पदराने तिचं कुंकू पुसलं होतं आणि बांगड्या दगडावर फोडल्या होत्या. पुढे ग्रामसभेत ही प्रथा बंद करायचा ठराव झाला. टाळ्या पडल्या, अक्काही हात वर करून आली. कपाळ मात्र तसंच मोकळं राहिलं. ठरावाने कपाळावर काही लागत नाही, आणि याचा मला आजही राग आहे.

मी मुलीला फोन लावला. "हे काय करून ठेवलंस?"

"काकू, मी नाही लावलं. मी फक्त लिहिलं, गावाकडची मराठी बाई, चुलीपुढे बसून बोलते. कुंकू त्यानंच लावलं."

"मग काढायचं ना, टाकायच्या आधी!"

ती म्हणाली, "मला आई अशी आठवतच नाही, काकू. पहिल्यांदा बघितली. मला काढवेना."

दुपारपर्यंत व्हिडिओ गावातल्या सगळ्या ग्रुपवर फिरला. चुलत सासूबाई काठी टेकत आमच्या ओट्यावर आल्या. "मालक जाऊन इतकी वर्सं झाली, आन् आत्ता नटायचं सुचलं व्हय हिला?"

"मशीननं लावलंय," मी म्हटलं. "जावा, मशीनला इचारा."

त्या गेल्या, पण बाकीच्यांची कुजबुज थांबली नाही. अक्काच्या कानावर अर्धंमुर्धं गेलं असणार. दोन दिवस ती गच्चीवर आली नाही. आता ही घराबाहेरच पडणार नाही, अशी मला धास्ती वाटली.

शनिवारी मुलगी एसटीने आली. तिघी आतल्या खोलीत बसलो आणि तिने आईपुढे फोन धरला. अक्काने पूर्ण बघितलं.

"परत लाव," ती म्हणाली.

परत लावलं. तिसऱ्यांदाही लावलं. चेहऱ्यावर काहीच नाही. फक्त बघता बघता तिचा हात कपाळापाशी गेला आणि उगाच पदर सारखा करून खाली आला. मुलीला रडू फुटलं. "आई, चुकलं माझं. आत्ताच्या आत्ता काढते. एक ओळ लिहिली की जातंय." ती डोळे पुसत लिहायला लागली आणि सवयीने पुटपुटत गेली, "कपाळावरचं कुंकू पुसून..."

अक्काने तिचं मनगट धरलं.

"नगं. येकदा पुसलंय माझं. तवा तू दारातनं बघत हुतीस. आता तुज्या हातनं नगं."

मुलीच्या हातातून फोन मांडीवर पडला. मला तोंड लपवायला जागा मिळेना, म्हणून मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले आणि माठापाशी रडून घेतलं. परत आले तेव्हा अक्का मुलीच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"मग काय करू, आई?"

"ऱ्हाऊ दे. तिचं तिला ऱ्हाऊ दे."

व्हिडिओ तसाच राहिला. खाली बारीक अक्षरात एआयने बनवला आहे असं लिहिलंय, पण ते कोण वाचतं? मागण्या येऊ लागल्या, गट बंद करायची भाषा थांबली. सोमवारी अक्का पाटी घेऊन गच्चीवर आली आणि लसूण कमी पडलाय म्हणून माझ्यावर ओरडली. मला इतकं बरं वाटलं की मी उलट बोललेच नाही.

दिवाळीआधी नगरला बचत गटांचं प्रदर्शन भरलं. आम्ही दोघी गाळ्यावर होतो. एक बाई आपल्या लेकीला घेऊन आली. फोनवर आमचाच व्हिडिओ उघडा. तिने फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, अक्काच्या मोकळ्या कपाळावरून नजर पुढे नेली.

"व्हिडिओतल्या मावशी नाही का आल्या? त्यांना भेटायचं होतं."

मी सांगायला तोंड उघडलं. अक्काने टेबलाखालून माझा हात दाबला.

"न्हाई आल्या," पाकीट पिशवीत घालत ती म्हणाली. "त्यांचं मालक घरी हायत. त्यांना जेवाय वाढल्याबगार त्या कुटं जात न्हाईत."

"किती छान हसतात हो त्या."

"व्हय," अक्का म्हणाली. "लई सुखी हाय ती."