न मारलेली गाठ

धुकं असं बसलं होतं की दोरीवरचे कालचे कपडे पुन्हा ओले. धाकटीने ते चाचपले, तसेच सोडले आणि खिडकीपाशी बसली. पुढ्यात लोकरीचं ब्लँकेट. गल्लीतल्या बायकांनी विणलेले बहात्तर चौकोन. कुणाचा हात घट्ट, कुणाचा सैल. ते ओढूनताणून सारखे करायचे, कडेला कड लावून क्रोशाच्या सुईने जोडायचे, हे धाकटीचं काम. प्रदर्शनात मिरवायची मात्र तिची थोरली जाऊ. आयत्या पिठावर रेघोट्या. अकरा वर्षं धाकटीने हेही गिळलं.

यंदा विणकामाच्या वर्गाला शिक्षिका हवी होती. धाकटीला ती नोकरी हवी होती. थोरलीने वर्ग चालवणाऱ्या बाईंना परस्पर सांगितलं, "तिला कुठलं जोडकाम येतंय? ती लोकर गुंडाळून देते. वर्ग मी घेईन."

धाकटी भांडली नाही. राहिलेली मधली जोड तिने घातली, अगदी मन लावून. शेवटच्या टाक्यातून लोकर ओढून गाठ मारायची असते, ती मारली नाही. टोक वीतभर लोंबत ठेवलं.

दुपारी प्रदर्शनात वर्गाच्या बाई ब्लँकेटपाशी थांबल्या. थोरली लगबगीने पुढे. "एवढा धागा राहिला बघा," म्हणत तिने टोक चिमटीत धरलं आणि ओढलं. तुटेना, म्हणून हिसडा दिला. टाके सुरसुर उसवत वरपर्यंत गेले. अर्धं ब्लँकेट टेबलावर, अर्धं जमिनीवर.

"असं टोक कुणी ओढतं का?" बाईंनी क्रोशाची सुई पुढे केली. "घ्या, जोडा."

थोरलीने सुई पळीसारखी मुठीत धरली. मग दबक्या आवाजात, "अगं, बघतेस काय? जोड की."

"मी कशी जोडणार, ताई? मी तर लोकर गुंडाळून देते."

धाकटी खाली बसली आणि उसवलेली लोकर बोटांभोवती सावकाश गुंडाळू लागली. घाई कसली? चौकोन विणणाऱ्या बायकांपैकी एक तोंडाला पदर लावून फिसकन हसली. बाईंनी सगळ्यांकडे पाहिलं, मग धाकटीच्या बोटांकडे.

"सोमवारी दहाला वर्ग असतो," त्या धाकटीला म्हणाल्या. "सुई तुमची आणा."

घरी पोचेपर्यंत थोरली धुमसत होती. "चारचौघांत माझं नाक कापलंस."

"धागा तुम्ही ओढलात."

धुकं केव्हाच उठलं होतं. धाकटी दोरीपाशी गेली आणि कपडे उलटे करून उन्हाकडे फिरवू लागली. थोरलीची साडी तेवढी तिने सावलीत राहू दिली.