पास्कलने निवडलेला जड कॅमेरा

दार उघडले तर समोर आग्नेस. वर्सोव्याहून पार्ल्यापर्यंत एकटीच आली होती. आधी पाणी मागितले. पेला रिकामा करून खाली ठेवला आणि म्हणाली, "वसंतभाऊ, पास्कल गेला. काल जेवून आडवा झाला, छातीत कळ आली... उठलाच नाही." ती तिच्या थोरल्या भावाविषयी सांगत होती, माझ्या शाळेपासूनच्या दोस्ताविषयी, आणि माझ्या मनात पहिल्यांदा आले ते हे, की चला, आता त्याला जरा विश्रांती मिळेल. त्या विचाराची अजून लाज वाटते. सहा आठवडे झाले. लिहायला बसतो आणि उठतो.

पास्कलचा अंधेरी स्टेशनजवळ लहानसा स्टुडिओ होता. तिथे तिपाईवर उभा एक थोरला लाकडी कॅमेरा, आणि बाहेरच्या कामासाठी रोल फिल्मचा एक छोटा. एवढ्यावर त्याचे बरे चालले होते. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षे झाली असतील, वर्सोव्याची एक होडी वादळात गेली. काही दिवसांनी हिराबाई नावाची कोळीण स्टुडिओत आली. बुडालेल्या नवऱ्याचा एकही फोटो तिच्या घरात नव्हता. गावातल्या एका लग्नात पास्कलने छोट्या कॅमेऱ्याने वरात टिपली होती, तिच्यात मागच्या रांगेत तो उभा होता. तेवढा चेहरा मोठा करून तिला भिंतीवर लावायचा होता. पास्कलने तीनदा खटपट केली. मुळात चेहराच तिळाएवढा; मोठा केला की नाक-डोळे विरघळून नुसते करडे ठिपके उरत. हिराबाईने तो कागद बराच वेळ पाहिला. "हा कोणी पण असेल," म्हणाली आणि तिथेच ठेवून गेली.

त्यानंतर पास्कलने एकच ध्यास घेतला. फिल्म मोठी हवी, पोस्टकार्डाएवढी, म्हणजे चेहरा त्यात नीट उतरेल. पण कॅमेरा मात्र हातात धरता आला पाहिजे. कारण कोळी काही स्टुडिओत येऊन बसणार नाहीत आणि हलत्या होडीत तिपाई उभी राहणार नाही. तसे कॅमेरे बातमीदार वापरत. एका शनिवारी आम्ही दोघे फोर्टातल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने दोन पुढे ठेवले. एक हलका, नवा. पण अंतर डोळ्यांनी अंदाजून घ्यायचे. दुसरा जुना, चांगलाच जड. त्याच्या बाजूच्या खिडकीत माणूस दुहेरी दिसे आणि दोन्ही आकृत्या एकावर एक बसल्या की अंतर अचूक जुळे. मी म्हणालो, "हलका घे. तुझा खांदा आधीच दुखतो." पास्कल म्हणाला, "तू जरा डोलत उभा राहा." मी भर दुकानात होडीतल्यासारखा डोलत राहिलो, तोही पाय फाकून डोलत कधी हा तर कधी तो कॅमेरा डोळ्याला लावत राहिला. दुकानदार आम्हाला वेडे समजला असणार. तासाभराने पास्कलने जुना उचलला. "अंदाज नको, वसंता. हिराबाईच्या वेळी एकदा चेहरा हुकलाय."

दरवर्षी नारळी पौर्णिमेला, होड्या पाण्यात उतरायच्या आधी, तो किनाऱ्यावर जाई. कधी गुडघाभर पाण्यात उभा, कधी होडीत चढून. प्रत्येकाचा एक फोटो, दुसरा नाही. "श्वास धर," म्हणे, आणि स्वतःही धरी. दोन मोसम असे गेले. तिसऱ्या वर्षी धाकू नावाचा एक तरुण बुडाला. त्याच्या आईला पास्कलने हातभर मोठा फोटो करून नेऊन दिला. परतताना तो माझ्याकडे आला आणि खुर्चीत बसून राहिला. "पापण्या मोजता येतात रे त्याच्या... म्हातारी मला हात जोडत होती. मला तिथून पळून जावंसं वाटलं."

पुढच्या पौर्णिमेला मात्र कोणी त्याच्यासमोर उभे राहीना. पास्कलने फोटो काढला की माणूस परत येत नाही, असे गावात झाले होते. ओळखीचे लोक तोंडे फिरवत. एकाने तर सरळ भिंगावर पंजा ठेवला. पास्कलने घरी येऊन कॅमेरा कपाटावर टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी हिराबाई आली, मुलाचे मनगट धरून.

"हा यंदा पहिल्यांदा जातोय. काढ फोटो."

"लोक काय म्हणतात ते ऐकलंस ना, बाई?"

"ऐकलं. माणूस समुद्र नेतो, तुझी पेटी नाही नेत. याच्या बापाचा चेहरा मला आता आठवत नाही, पास्कल. रोज थोडा थोडा जातो. काढ."

आणि तिने मुलाला सगळ्यांसमोर होडीत उभे करून फोटो काढवून घेतला. संध्याकाळपर्यंत आणखी अकरा जण आले. हिराबाईचा मुलगा त्या मोसमात परत आला, पुढच्याही.

पास्कल मात्र थकत चालला होता. उजवा हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली. मीही किती वेळा सांगितले, कधी चिडून. तो नुसता हसे. गेल्या नारळी पौर्णिमेला मी मुद्दाम बरोबर गेलो. सात-आठ माणसे झाल्यावर तो उपड्या होडीवर टेकला. "दमलो यार." समोर अजून रांग होती. मग मी त्याच्या मागे उभा राहिलो आणि त्याच्या कोपराखाली हात दिला. ते ओझे मला पहिल्यांदा कळले... त्या दिवशी राहिलेल्या माणसांचे फोटो आम्ही दोघांनी मिळून काढले. ती आमची शेवटची भेट.

गेल्या रविवारी आग्नेसकडे गेलो होतो; पास्कल तिच्याकडेच राही. घरामागची न्हाणी हीच पास्कलची डार्करूम. दिवस मावळला की तिथे अंधारात तो फोटो धुवायला बसे, त्यामुळे घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी, धुणी, हातपाय धुणे उजेडातच उरकत. मी निघालो तेव्हा दिवे लागत होते. आग्नेसने मुलांना ओरडून हातपाय धुवायला पिटाळले, घाईघाईने बादल्या बाहेर काढल्या आणि रिकाम्या न्हाणीचे दार घट्ट ओढून घेतले, पास्कल असताना ओढी तसेच. मला हात धुवायचे होते. ती तांब्या घेऊन पायरीवर आली.

"इथंच धुवा भाऊ," ती हळू आवाजात म्हणाली. मी पायरीवरच हात धुतले.